झिंगा वेगळा, शिंपला वेगळा

मागच्या अंकात मी एक आकडा दिला होता, की २०२२ साली जगात पहिल्यांदाच पाळलेले मासे, झिंगे, शिंपले हे सगळं मिळून समुद्रातून आणि नद्यांतून पकडलेल्या मालापेक्षा जास्त झालं, म्हणजे साधारण ५१ टक्के. त्यावर एवढे मेसेज आले की विचारू नका, आणि निम्मेअधिक लोक फिरून फिरून एकच गोष्ट विचारून राहिले, की मग हे पाळलेलं खावं की नाही, निसर्गाला ते बरं की वाईट. समुद्र आपल्यापासून दोन्ही बाजूंनी सातआठशे किलोमीटर लांब, तरी नागपूरकरांना हे विचारावंसं वाटलं याचा मला फार आनंद झाला. यावेळी सगळी जागा याच विषयाला देते.

प्रश्न : ताई, माझं माहेर मालवणचं, लग्न होऊन मानेवाड्याला आले त्याला अकरा वर्षं झाली. इथे खाडीतले शिंपले, म्हणजे तिसऱ्या, शिनाणे, मिळत नाहीत, म्हणून हल्ली ऑनलाईन फ्रोझन मागवते. पाकिटावर फार्ममधला माल असं लिहिलेलं असतं. मुलगा आठवीत आहे, तो म्हणतो आई फार्मवालं घेऊ नको, त्यासाठी खारफुटी तोडतात. आमच्याकडे तर बायका ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या काढायच्या, तेच चांगलं होतं ना? शिनाणे घेऊ की बंद करू?

उत्तर : घ्या. मुलाला रागावू नका, त्याने जे वाचलंय ते खरं आहे, फक्त ते झिंग्यांबद्दल आहे, शिनाण्यांबद्दल नाही. आपण कवचवाल्या सगळ्यांना एकाच टोपलीत टाकतो तिथे घोळ होतो.

शिनाणे, कालवं, तिसऱ्या हे दोन शिंपांचे जीव. यांना कोणी खायला घालत नाही, हे नीट लक्षात घ्या, कारण सगळा मुद्दा यातच आहे. कोंबडीला दाणा लागतो, बकरीला चारा लागतो, तळ्यातल्या झिंग्याला पोत्यातलं खाद्य लागतं, शिनाण्याला काही म्हणजे काही लागत नाही, ते आपलं दोरीला चिकटून बसतं, पाणी आत ओढतं, त्यातले डोळ्याला न दिसणारे हिरवे कण ठेवून घेतं आणि गाळलेलं पाणी बाहेर सोडतं. खत नाही, औषध नाही, जमीन नाही, गोडं पाणी नाही. एक मोठं कालव, पाणी चांगलं असलं आणि सगळं जमून आलं तर, दिवसाला दीडशे-दोनशे लिटरपर्यंत पाणी गाळू शकतं. म्हणून पाळीव प्राण्यांपासून मिळणारं जेवढं काही आपण खातो त्यात शिंपल्यांचा पर्यावरणावरचा भार सगळ्यात कमी गटात मोजतात, आणि हे मी हवेत बोलत नाही, यावर भरपूर मोजमापं झालेली आहेत.

मी काही वर्षांपूर्वी केरळात कासरगोड जिल्ह्यात पडन्नाच्या बाजूला गेले होते. तिथे खाडीच्या उथळ पाण्यात बांबूचे मांडव ठोकलेले आणि त्यांना दोऱ्या लटकवलेल्या. खडकावरून आणलेलं नखाएवढं बी, म्हणजे शिनाण्यांची पिल्लं, दोरीभोवती ठेवायचं आणि वरून सुती कापड गुंडाळून शिवून टाकायचं. दोनचार दिवसांत शिनाणी आपल्या धाग्यांनी, म्हणजे साफ करताना आपण जी दाढी ओढून काढतो ना त्याच धाग्यांनी, दोरीला घट्ट धरतात आणि तोवर कापड कुजून गळून पडतं. दिवाळीनंतर लावायचं आणि पाऊस यायच्या आत काढायचं, कारण पावसाने खाडीचं पाणी गोडं झालं की शिनाणी मरतात. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे तंत्र बसवून दिलं, १९९०च्या दशकाच्या शेवटीशेवटी ते गावागावात पसरलं आणि बचत गटातल्या बायकांनी ते उचलून धरलं. एक बाई मला म्हणाल्या की आमचं काम फक्त बांधायचं आणि वाट बघायचं, बाकी खाडी करते. आपल्या सिंधुदुर्गातही राज्याचा कांदळवन कक्ष, म्हणजे खारफुटीचं काम बघणारा विभाग, कालवं, शिनाणे, खेकडे पाळायला गटांना मदत करतो, आणि त्यात हेतूच असा आहे की खारफुटी उभी राहिली तर लोकांचं पोट चाललं पाहिजे, म्हणजे तुमच्या मुलाच्या शंकेच्या अगदी उलट!

आता तुमच्या माहेरच्या ओहोटीबद्दल. ते चांगलंच होतं आणि जिथे मोजून काढतात तिथे आजही आहे. केरळातल्या कोल्लमच्या अष्टमुडी कायलमध्ये, म्हणजे समुद्राला जोडलेल्या खाऱ्या पाण्याच्या सरोवरात, जंगली शिंपल्यांची मासेमारी अशी सांभाळली, पिल्लं धरायची नाहीत, अंडी घालायच्या दिवसांत बंद, की २०१४ साली तिला टिकाऊ मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, देशातलं पहिलं. पण जिथे हात आखडला नाही तिथे काय होतं ते अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात दिसतं. कालवं काढून काढून आणि वरून रोग पडून ती मूळच्या एक टक्क्याच्या आसपास उरली. एके काळी तिथली कालवं सगळ्या उपसागराचं पाणी आठवड्याच्या आत गाळून काढायची, आता उरलेल्यांना त्याच कामाला वर्षाच्या आसपास लागतं असा हिशोब शास्त्रज्ञांनी मांडला, आणि पाणी गढूळ झालं ते वेगळंच. म्हणून पाळलेलं वाईट आणि पकडलेलं चांगलं अशी सरळ रेघ मला ओढता येत नाही.

शिंपल्यांच्या शेतीतही दोष आहेत, ते लपवणार नाही. एक म्हणजे गर्दी. खाडीच्या ताकदीपेक्षा जास्त दोऱ्या सोडल्या की शिनाण्यांची विष्ठा खाली साचते, तळाचा चिखल काळा पडतो, ऑक्सिजन संपतो, आणि सगळ्यांनी मिळून पाण्यातलं खाद्य संपवलं की कोणाचंच शिनाणं भरत नाही, साल मोठी आणि आत मांस एवढंसं. दुसरा दोष प्लास्टिकचा, तो मला जास्त टोचतो. दोऱ्या नायलॉनच्या, तरंगायला थर्माकोल, जपानमध्ये हिरोशिमाच्या किनाऱ्यांवर कालवांच्या शेतीतले प्लास्टिकचे पाईप आणि थर्माकोलचे गोळे वाहून येतात आणि लोक वेचत बसतात. तिसरं, बी अजूनही बऱ्याच ठिकाणी खडकावरून खरवडून आणतात, तर ते खडक उघडे पडतात आणि तिथल्याच पकडणाऱ्यांशी भांडणं होतात. हे तिन्ही सुधारता येण्यासारखं आहे, झिंग्यासारखं मुळातलं दुखणं नाही.

आणि एक काळजी घ्या. शिंपला पाणी गाळतो म्हणजे पाण्यातली घाणही धरून ठेवतो, शिसं, कॅडमियम, सांडपाण्यातले जंतू, सगळं. म्हणून शहराच्या गटाराला लागून असलेल्या खाडीतला माल नको, पाकिटावर कुठला आहे ते बघा, आणि लिहिलेलंच नसेल तर सोडून द्या. फ्रोझनबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. बर्फातला माल ट्रकने येतो, त्याचा धूर थोडा, हॉटेलात मिळणारी विमानाने आणलेली जिवंत परदेशी कालवं हा खरा खर्चीक प्रकार. एकशिपी, म्हणजे एका शिंपेसकट शिजवलेल्या तिसऱ्या, मात्र फ्रोझनची जमणार नाही, ती माहेरी गेल्यावरच खा!

प्रश्न : मी धरमपेठला राहतो, बीएस्सीला आहे. मंगळवारी बाजारात जो झिंगा मिळतो तो व्हेनामी आहे म्हणतात, आंध्रातून येतो. तो खाणं म्हणजे पर्यावरणाचं नुकसान करणं आहे का? आणि मग काहून विकू देतात?

उत्तर : बाळा, प्रश्न मोठा आहे, जरा पहिल्यापासून सांगते.

बाजारात बर्फावर पांढुरका, एकसारख्या मापाचा झिंगा दिसला की बहुतेक तो व्हेनामीच. हा मूळचा आपला नाही, अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्याचा, मेक्सिकोपासून पेरूपर्यंतचा. आपल्याकडे त्याच्या पालनाला २००९ साली परवानगी मिळाली. त्याआधी काळा वाघ्या झिंगा पाळायचे, टायगर म्हणतात तो, आणि १९९०च्या सुमारास पूर्व किनाऱ्यावर त्याची अशी लाट आली की भाताची शेतं खणून लोकांनी तळी केली. समुद्राचं पाणी पंपाने आत घ्यायचं, पोत्याने खाद्य टाकायचं आणि घाण पाणी परत खाडीत सोडायचं. शेजारच्या शेतात मीठ चढलं, विहिरी खाऱ्या झाल्या, कोळ्यांची किनाऱ्यावर जायची वाट अडली. मग १९९४-९५ च्या आसपास पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आला आणि तळीच्या तळी दोनचार दिवसांत मेली, आणि कर्जं शेतकऱ्याच्या डोक्यावर राहिली. कर्जाचं दुखणं काय असतं ते विदर्भाला कोणी शिकवायला नको.

याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले ते तमिळनाडूचे एस. जगन्नाथन. विनोबांच्या भूदान पदयात्रेत चाललेला हा माणूस, म्हणजे आपल्या पवनारशी नातं असलेला, आणि त्यांनी नागपट्टिणमच्या भूमिहीन बायाबापड्यांसाठी म्हातारपणी हा लढा घेतला. ११ डिसेंबर १९९६ ला निकाल आला, किनारपट्टीच्या नियंत्रित पट्ट्यातली झिंग्याची तळी काढा, पारंपरिक पद्धतीची तेवढी राहू द्या, आणि ज्याने बिघडवलं त्याने भरून द्यावं. पुढे २००५ साली किनारी मत्स्यपालनाचा स्वतंत्र कायदा झाला, नोंदणी आणि नियम आले, तळी चालू राहिली. तर काहून विकू देतात याचं उत्तर हे, की आज ते कायद्यात बसतं. कायद्यात बसतं म्हणजे निसर्गाला सोसतं असं मात्र नाही.

सोसत नाही ते खाद्यामुळे. एक किलो व्हेनामीला साधारण सव्वा ते दीड किलो खाद्य लागतं आणि त्यात माशांची भुकटी असते, म्हणजे तारली आणि बारीकसारीक मासळी, जी किनाऱ्यावरच्या गरीब माणसाच्या ताटात जायला हवी ती दळून झिंग्याला घालायची. शिवाय रात्रंदिवस पाण्यात हवा मारणारी एअरेटरची चाकं फिरत असतात, त्याची वीज, वीज गेली की डिझेल. जंगलाचं म्हणशील तर थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया, इक्वेडोर इथे झिंग्याच्या तळ्यांसाठी खारफुटी खरोखर मोठ्या प्रमाणावर गेली. आपल्याकडे काही ठिकाणी खारफुटी गेली आणि खूप ठिकाणी भातशेती. खारफुटीच्या चिखलात शेकडो वर्षांचा कार्बन पुरलेला असतो, तो खणून उघडा केला की हवेत जातो, म्हणून खारफुटी तोडून केलेल्या तळ्यातला झिंगा हवामानाच्या हिशोबात फार महाग पडतो. औषधांचंही आहे. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांवर झिंगापालनात बंदी आहे तरी अवशेष सापडून परदेशातून खेपा परत आलेल्या आहेत. परदेशी जाणारा माल तपासला जातो, आपल्या बाजारातल्या मालाला तसं कोणी वाली नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो.

मी स्वतः काय करते सांगू? पाळलेला समुद्री झिंगा वर्षातून एकदोनदा. एरवी भंडारा-गोंदियाकडच्या तलावातला बारका झिंगा मिळाला तर तो घेते, माजी मालगुजारी तलावातला, जे आपण मामा तलाव म्हणतो. त्याला कोणी खाद्य घालत नाही, ढिवर बांधवांना दोन पैसे मिळतात, आणि कांदा-लसणात परतलेला तो झिंगा चवीला काही कमी नाही. सोलायला वेळ जातो, तेवढा द्यायचा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, महालात राहतो. एका व्हिडिओत ऐकलं की शिंपला कवच करताना हवेतला कार्बन कायमचा बंदिस्त करतो, म्हणून शिंपल्यांची शेती म्हणजे झाडं लावण्यासारखीच. हे बरोबर आहे का?

उत्तर : सर, नाही, आणि शिंपल्यांवर माझं प्रेम असूनही नाही म्हणते. कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यात कार्बन आहे हे खरं, पण तो हवेतून थेट येत नाही, पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून येतो, आणि त्या क्रियेत एक भाग कवचात गेला की एक भाग कार्बन डायऑक्साइड म्हणून पाण्यात सुटतो. तुम्ही फळ्यावर समीकरण मांडून बघा, लगेच दिसेल. वरून शिंपला श्वासही घेतो. त्यामुळे झाड लावल्यासारखं म्हणून कार्बन क्रेडिट, म्हणजे कार्बन कमी केल्याचा मोबदला, मागणाऱ्यांशी मी सहमत नाही. केरळात वेंबनाड कायलच्या शिंपल्यांची कवचं भाजून चुना करतात, तसं भाजलं की जे बंदिस्त होतं तेही सुटतं.

शिंपल्याचं खरं देणं नायट्रोजनचं आहे. शेतातलं खत आणि शहराचं सांडपाणी यातून खाडीत नायट्रोजन जातो, त्यावर शेवाळ माजतं, शिंपला ते खातो, आणि आपण शिंपला काढून खाल्ला की तेवढा नायट्रोजन पाण्यातून कायमचा बाहेर. हे मोजता येतं आणि खरं आहे. आणि उलट बाजूनेही बघा, हवेतल्या वाढत्या कार्बनचा मार शिंपल्यांवरच पडून राहिला. समुद्र आम्लाकडे झुकला की पिल्लांना कवच धरता येत नाही, अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यावर २००७-०८ च्या सुमारास हॅचरीतली कालवांची पिल्लं लाखोंनी मेली ती यानेच.

याच पत्रात तुम्ही विचारलंय की अंबाझरी, फुटाळा हे तलाव साफ करायला शिंपले सोडता येतील का. गोड्या पाण्याचे शिंपले आपल्याकडे आहेत आणि तेही पाणी गाळतात, पण सांडपाण्याने ऑक्सिजन गेलेल्या पाण्यात ते आधी मरतात. पहिले सांडपाणी थांबवा, शिंपले मग.

प्रश्न : शिंपल्याला दुखतं का? मी अंडी खाते, बाकी काही नाही. (एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर : शिंपल्याला मेंदू नसतो, मज्जातंतूंच्या काही गाठी असतात, त्यामुळे आपल्यासारखं दुखत असेल याची शक्यता फार कमी धरतात. झिंग्याचं तसं नाही, त्याची मज्जासंस्था बरीच पुढची आहे आणि त्याला वेदना होत असाव्यात याचे पुरावे वाढत आहेत. पण तुम्हाला नको वाटत असेल तर नका खाऊ, पर्यावरणासाठी मांसाहार सुरू करायची काहीच गरज नाही, तूरडाळ या सगळ्यांच्या पुढे आहे.

प्रश्न : नमस्कार ताई. मौद्याजवळ आमची शेती आहे, शेततळं आहे, प्लास्टिकचं अस्तर टाकलेलं. गावात एक माणूस येऊन सांगून गेला की त्यात शिंपले सोडा, मोती निघतात, निसर्गालाही चांगलं, शिंपले आम्ही देतो आणि मोती आम्हीच परत घेतो, लाखात कमाई. मोठा भाऊ तयार आहे. पैसे भरू का?

उत्तर : भाऊ, पैसे भरू नका, अजून तरी. मोत्याची शेती खोटी नाही. भुवनेश्वरला केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्था आहे, सिफा म्हणतात, त्यांनी आपल्याच तलाव-नद्यांतल्या शिंपल्यात मोती करायचं तंत्र बसवलं आहे आणि त्याचं प्रशिक्षण ते देतात. पण त्यात शिंपल्याचं छोटं ऑपरेशनच असतं, आत मणी नाहीतर साचा बसवायचा, मग काही दिवस जपायचं, मग जाळीच्या पिशवीत भरून पाण्यात लटकवायचं आणि वर्ष-दीड वर्ष थांबायचं. नवख्या हाताने केलं तर बरेच शिंपले आधीच मरतात. जो माणूस बी पण मीच देतो आणि माल पण मीच घेतो म्हणतो, त्याची कमाई तुमच्या पहिल्या हप्त्यातच झालेली असते. माझ्या नात्यातल्या एकाचे असेच पैसे गेले, पिशव्या तळ्यात लटकलेल्या राहिल्या आणि फोन बंद.

आता निसर्गाला चांगलं का ते बघू. हे शिंपले येतात कुठून? बहुतेक नदी-तलावातून वेचलेले असतात. तुमच्या कन्हानमध्येच बघा, रेतीघाटावर ट्रॅक्टर लागले की रेतीबरोबर शिंपलेही जातात, वरून मोत्यासाठी हजारोंनी वेचले तर उरणार काय? आणि त्यांची पैदास साधी नसते. गोड्या पाण्याच्या शिंपल्याचं पिल्लू आधी एखाद्या माशाच्या कल्ल्याला नाहीतर परांना चिकटून राहतं, काही दिवस तिथे वाढतं आणि मग सुटून तळाच्या चिखलात जातं. तुमच्या प्लास्टिकच्या तळ्यात ना मासा, ना चिखल, तर तिथे त्यांची पुढची पिढी होणारच नाही, दरवेळी नदीतूनच आणावे लागतील. मग ते निसर्गाला चांगलं कसं म्हणायचं?

करायचंच असेल तर असं करा. या पावसाळ्यात तळ्यात रोहू-कटला सोडा, पाणी हलकं हिरवं होऊ द्या, नितळ पाण्यात शिंपला उपाशी मरतो. त्याच वर्षात भावाला सिफाचं प्रशिक्षण करून आणा, आणि तेलंगखेडीला आपलं मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे तिथे जाऊन तुमच्या पाण्याबद्दल विचारा, नागपूरला येणं होतच असेल. मग पुढच्या वर्षी पन्नासेक शिंपल्यांवर हात बसवा, पन्नासच्या वर नको. आणि सगळ्यात आधी एक साधी गोष्ट मोजून ठेवा, मे महिन्यात तुमच्या तळ्यात किती फूट पाणी उरतं. पिशव्या मीटरभर खोल लटकवाव्या लागतात, ४५ अंशाच्या उन्हात पाणी त्याच्याही खाली उतरत असेल तर विषय तिथेच संपला. मोजलं की मला कळवा.